फाशी कायम झाल्यावर पुन्हा कोर्टाचं दार कशाला?

गोदाकाठ: काल इथे कुणी लिहिलं, "नागपूरच्या चिमुरडीच्या बलात्कार-खून प्रकरणात फाशी कायम झाली, 2017 ला पुनर्विचार अर्ज फेटाळला, दयेचा अर्जही फेटाळला गेला, तरी ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला. हे बंद करा." वाचून डोकं फिरलं. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या खुनांत धरलेली आपल्या जालन्याकडची भटक्या जमातीची सहा माणसं विसरलात? हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुनर्विचार फेटाळला. 2019 ला त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. दार बंद असतं तर सहाही जण लटकले असते.

बीडचा बागायतदार: मेलेल्याच्या घरचं कोण लिहिणार? माझ्या मावसभावाचा खून झाला. तारखेला मावशी भाकरी बांधून पहाटेच्या एसटीने निघायची, दुपारी पुढची तारीख ऐकून परत. शिक्षा लागली तेव्हा वाटलं, सुटलो. आता म्हणायलेत, ते पण शेवटचं नाही!

काळा कोट: दोन गोष्टींची गल्लत होतेय. नागपूरचा आरोपी दोषी तो दोषीच, त्याला हात लावलेला नाही. सुप्रीम कोर्टाच्याच 2022 च्या 'मनोज' खटल्यातल्या निकालाने फाशीची शिक्षा देण्याआधी मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक बघायला सांगितलं. ते राहिलं म्हणून फक्त शिक्षेवर सुनावणी. आणि कोर्टाने बजावलंय, कलम 32 खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात दाद मागून, असं अपवादानेच. सरसकट नाही.

पालावरचा: वकीलसाहेब, कलमं राहू द्या. माझ्या चुलत्याला मोफत वकील मिळाला होता. निकाल लागेपर्यंत जेलात एकदाही भेटायला आला नाही. पुढे अपिलात काय मांडणार, कप्पाळ? गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येते.

काळा कोट: सगळ्यांना एका माळेत ओवू नका! मोफत खटल्याची फी किती मिळते, कधी मिळते, विचारा एकदा. पदरचे पैसे घालून झेरॉक्स काढल्यात मी.

पालावरचा: फी कमी म्हणून आमचा माणूस आत सडायचा का? आम्ही तुमच्या फीवर बोलत नाही, तुम्ही आमच्या जिवावर बोलू नका.

काळा कोट: न भेटता खटला चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सगळे तसे नसतात, एवढंच.

बीडचा बागायतदार: बरं, निर्दोष असेल त्याला दार ठेवा. घ्या, मानलं. पण ज्याने केलंय हे पक्कं, त्याच्या शिक्षेवर किती वेळा बसायचं?

गोदाकाठ: दादा, पुण्याच्या 1994 च्या खून खटल्यातला एक जण फाशीचा कैदी होता. 2000 ला फाशी कायम, पुनर्विचारही फेटाळला. शाळेच्या नोंदीवरून निघालं, गुन्ह्याच्या वेळी पोराचं वय साडेबारा. 2023 ला सुटला. हे पण नको होतं?

बीडचा बागायतदार: शाळेचा दाखला काढायला एवढी वर्षं? सरकार झोपलं होतं का?

गोदाकाठ: तेच तर म्हणायलो. वयाची नोंद, आजाराचे कागद पहिल्या खटल्यातच मागवा, वकिलाला जेलात जायला लावा. पुढच्या निम्म्या फेऱ्या वाचतील, तुमच्या मावशीसारख्यांच्या पण.

बीडचा बागायतदार: मग ते आधी करा. तोवर माझं मत बदलणार नाही.