बेदाणा शेडवर कॅमेरे: मेमरी कार्डच्या भरवशावर राहू नका

तासगावच्या शेडवर चार वायफाय कॅमेरे मेमरी कार्ड टाकून चालतील का असं विचारलंय तुम्ही. माझं ऐका, नका करू, चोर कॅमेराच उपसून नेतो आणि कार्डही त्याच्याबरोबरच जातं. वायरवाले पीओई कॅमेरे (एकाच केबलमधनं वीज न् चित्र दोन्ही जातं) न् एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा रेकॉर्डर, घ्या, केबल प्युअर कॉपरची, १०० मीटरच्या पुढं न्यायची असेल तर मधे नेटवर्क स्विच टाका.

रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क मात्र सर्व्हेलन्सचीच, म्हणजे चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, मागून घ्या. आमच्या मिरजेतल्या गोडाऊनला लावणाऱ्यानं कॉम्प्युटरची साधी डिस्क घातलेली, मोटर चोरीला गेली तेव्हा रेकॉर्डिंग बघायला बसलो तर डिस्क कधीचीच बंद, लाइव्ह दिसत होतं म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही, लई जीवाला लागलं. महिन्यातनं एकदा मागचं रेकॉर्डिंग चालवून बघतो आता.

रेकॉर्डिंगचा डेटा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवला तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबी ११ दिवसच पुरणार, तुम्ही २ टीबी घ्या. लाइट जाते तिकडं, रेकॉर्डर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवा. आणि हो, कोळी कॅमेऱ्यासमोर जाळं विणतो, रात्री इन्फ्रारेडमध्ये ते पांढरंफटक चमकतं न् मागचं काही दिसत नाही, तेवढं झाडत जा.