रोमिओ-ज्युलिएटमध्ये घाई कोणाची, पोट्ट्यांची का मोठ्यांची?

धरमपेठची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा अभ्यासाचा आहे आणि जरा घरचाही, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगी नववीत आहे. इंग्लिशच्या प्रोजेक्टला रोमिओ अँड ज्युलिएट आलंय, दोन पानं लिहायची, या शोकांतिकेला जबाबदार कोण म्हणून. मी बीएला असताना वाचलं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर गाईड वाचलं होतं. तर मी मोठ्या थाटात सांगितलं की लिही, कोवळ्या वयातला उतावळेपणा. रविवारी रात्री भेट, सोमवारी लग्न आणि आठवडा संपायच्या आत दोघांचाही खेळ खलास, अजून काय पाहिजे. तर ती म्हणे, "आई, तू पण सगळ्यांसारखंच बोलून राहिली. तिथं एवढी मोठी माणसं होती ना, ती काय करून राहिली होती?"

मी कणीक मळत होते, मळतच राहिले. उत्तर सुचलं नाही.

आता घरची गोष्ट. मागच्या आठवड्यात ही न सांगता क्लासच्या ग्रुपसोबत फुटाळा तलावावर जाऊन आली. ह्यांना कळलं आणि दहा मिनिटांत फोन जप्त, मैत्रिणींकडे जाणं बंद, ट्यूशनची बॅचही बदलायची ठरली, पुढच्या महिन्यापासून. मग ती रडून रडून सॉरी म्हणाली, तर हे इतके खूश झाले की तिथल्या तिथं सरांना फोन लावून बॅच दुसऱ्या दिवशीपासूनच सुरू केली. तेव्हापासून घरात ती फक्त हो आणि नाही एवढंच बोलते. प्रोजेक्टमुळे का होईना बोलली तरी.

तर कोणी नीट वाचलं असेल तर सांगा, चूक कोणाची धरायची? गाईडमधलं नको, ते मला पाठ आहे.

रिटायर्ड_मास्तर

ताई, तुमच्या मुलीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हा प्रश्न मला पोरांनी फार थोड्या वेळा विचारला.

एक गोष्ट बहुतेक गाईडांत नसते. ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नाही. १५६२ मध्ये आर्थर ब्रुक नावाच्या कवीनं यावर इंग्रजीत लांबलचक कविता लिहिली होती, शेक्सपिअरनं ती समोर ठेवून १५९५ च्या आसपास नाटक लिहिलं. ब्रुकच्या कवितेत ज्युलिएट सोळाला टेकलेली आहे आणि सगळं प्रकरण काही महिने चालतं. शेक्सपिअरनं काय केलं, पोरीचं वय चौदाच्याही आत आणलं, वाढदिवसाला पंधरवडा आणि वर काही दिवस बाकी आहेत असा हिशेब तिची आई आणि दाई पहिल्याच अंकात करतात, आणि महिन्यांचं प्रकरण चार-पाच दिवसांत कोंबलं. म्हणजे घाई त्यानं मुद्दाम आणलीय, पण पोरांपुरती नाही ठेवली, ती सगळ्या गावाला लावली.

बापाचंच पहा. सुरुवातीला पॅरिस नावाचा सरदार ज्युलिएटला मागणी घालायला येतो तेव्हा कॅप्युलेट किती समजूतदार, म्हणतो अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, पोर लहान आहे. रविवारी हे. आणि सोमवारी रात्री, घरात बायकोच्या भाच्याचं, रोमिओनं मारलेल्या टिबॉल्टचं मयत झालेलं असताना, हाच माणूस पॅरिसला तारीख देतो. आज वार काय? सोमवार. मग बुधवार फारच लवकर होईल, गुरुवार करू. हे त्याचं स्वतःचं बोलणं. मंगळवारी ज्युलिएट नाही म्हणते तर घराबाहेर काढीन, रस्त्यावर भीक मागत मेलीस तरी बघणार नाही, इथपर्यंत जातो. मग ती, रोमिओशी तिचं चोरून लग्न लावणाऱ्या फादर लॉरेन्सकडे जाऊन मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाची बाटली घेऊन येते, बेत असा की बुधवारी रात्री प्यायची आणि रोमिओला पत्रानं कळवायचं. घरी येऊन ती गुडघ्यावर बसून बापाची माफी मागते, तुम्ही म्हणाल तसं करते म्हणते. बाप इतका खूश होतो की गुरुवारचं लग्न बुधवारी सकाळीच उरकायला काढतो. जे स्वतः फार लवकर म्हणाला होता तेच!

झालं, औषध एक रात्र आधी प्यावं लागलं. फादरचं पत्र मँटुआला, म्हणजे त्या खुनापायी हद्दपार झालेल्या रोमिओकडे, पोचायला एक दिवस कमी पडला. शिवाय पत्र नेणारा फादर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला, तो वेगळाच. त्याला नशीब म्हणा. पण तो एक दिवस नशिबानं नाही खाल्ला.

सावजी_रस्सा_एक्स्ट्रा

मास्तर नमस्कार, तुमचं वाचून मले पहिल्यांदा वाटलं की पुस्तक घेऊन वाचावं, नाही तं आपलं शिक्षण पिक्चरवर झालं 😄

मी तं त्या मारामारीबद्दल बोलतो, थे आपल्याले समजते. त्या सीनच्या सुरुवातीले रोमिओचा दोस्त म्हणते ना की गर्मी बम आहे, कॅप्युलेटवाले फिरून राहिले, घरी चाल, अशा उन्हात रक्त भडकते. बाप्पा, याले म्हणते नागपूरची मे महिन्यातली दुपार. ४५ डिग्रीत सिग्नलवर कोनी नुसता हॉर्न वाजवला तरी माणूस गाडी स्टँडवर लावून खाली उतरते.

आता माझी गोष्ट ऐका. बारावीत होतो, चार पोट्टे दोन गाड्यांवर, फुटाळ्याच्या रोडवर रात्री. दुसरा एक ग्रुप होता, काहीच झालं नाही, त्यातला एक फक्त आमच्या गाडीकडे पाहून हसला. एवढंच. आमच्यातला एक म्हणे, पाहून राहिला का बे, आपल्या गाडीले हसला थो. मी खरं सांगतो, मी एकटा असतो तं मक्याचं कणीस खाऊन घरी गेलो असतो. पण मागं तीन जण बसले पाहात. लावली रेस. पहिल्याच वळणावर रेती होती, गाडी घसरली, मागं बसलेल्या दोस्ताचा पाय तीन जागी मोडला. तो पोरगा क्रिकेटमध्ये डिस्ट्रिक्टले खेळणार होता. आज तो चांगला आहे, दुकान आहे, भेटतो, पण पायऱ्या उतरताना पहिले डावा पाय टाकते, आणि मी दर वेळी थेच पाहतो.

त्याच्या बाबानं मले एक शब्द बोलला नाही. माझ्या बाबानं पट्ट्यानं हाणलं. कोनीच विचारलं नाही की काहून लावली रेस. विचारलं असतं तं सांगतलं असतं, आणि सांगताना माझं मलेच समजलं असतं की थो पोट्टा हसला होता एवढीच गोष्ट होती.

वर्धा_रोड_वाली

सगळ्यांनी मोठ्यांना धुवायला घेतलंय म्हणून थोडं उलटं बोलते. मला रोमिओवर प्रचंड राग येतो. रविवारी सकाळी तो रोझालाइनसाठी उसासे टाकत फिरतोय, आणि त्याच रात्री ज्युलिएटला बघून झालं, रोझालाइन कोण विचारा. हे प्रेम वगैरे ठीक आहे, वय आहे. पण शेवटी बघा. नोकर बाल्थसार घोड्यावरून येऊन सांगतो की ज्युलिएट गेली. रोमिओ लगेच घोडे भाड्यानं आणायला सांगतो आणि मग विचारतो, फादरचं काही पत्र आहे का माझ्यासाठी? नाही, म्हणतो. तर हा म्हणतो, असू दे, काही हरकत नाही!

अरे हरकत कशी नाही? म्हणजे पत्र यायला हवं होतं हे याला माहिती आहे. एक दिवस थांबला असता तर? ते नाही, सरळ गरीब औषधवाल्याला चाळीस ड्युकॅट देऊन विष. थडग्यापाशी पॅरिसलाही मारून टाकलं. याला बाप जबाबदार नाही, याला मूर्खपणाच म्हणायचं. ताई, मुलीला लिहू दे मोठ्यांबद्दल पण हेही लिहायला सांगा, नाहीतर ते एकतर्फी होईल.

रिटायर्ड_मास्तर

वर्धा रोडवाल्या ताई, 'काही हरकत नाही' अचूक पकडलंत. वर्गात मी त्या शब्दांवर नेहमी थांबायचो. पण तुम्ही त्याला मूर्ख म्हणता, मी म्हणेन की त्याच्या शेजारी त्या क्षणी कोण आहे? एक नोकर. तो म्हणतोही की धीर धरा, तुम्ही फिके पडलात, काहीतरी भलतंच कराल, पण नोकराचं कोण ऐकतं.

ज्युलिएटचं त्याहून वाईट. तो मंगळवारचा सीन मुलीसोबत बसून सावकाश वाचा ताई. बाप शिव्या देऊन बाहेर जातो. ती आईला म्हणते, हे लग्न फक्त एक महिना, एक आठवडा तरी पुढं ढकल. बघा, उतावळी म्हणतो ना आपण हिला, इथं तीच मुदत मागतेय. आई म्हणते माझ्याशी बोलू नकोस, आणि जाते. उरली दाई, जिनं दूध पाजलंय, जिनं चोरून लग्न लावायला मदत केलीय. ती म्हणते रोमिओ आता कुठं येतोय परत, पॅरिस छान आहे, कर त्याच्याशी. एका सीनमध्ये तीन दरवाजे बंद. त्यानंतर ज्युलिएट दाईला परत कधीच मनातलं सांगत नाही.

आणि चौथे आमचे फादर लॉरेन्स. सोमवारी सकाळी रोमिओला काय सांगतात, सबुरीनं घे, धावणारा ठेचकाळतो. त्याच दुपारी स्वतः लग्न लावून देतात, का, तर दोन घराण्यांचं वैर मिटेल म्हणून. आणि शेवटच्या रात्री स्मशानात काळोखात धापा टाकत येतात आणि म्हणतात, या म्हाताऱ्या पायांना आज कितीदा थडग्यांची ठेच लागली. नाटक वाचताना ही दुसरी ठेच मला पन्नाशीनंतर दिसली, आधी दरवेळी सुटायची. मग ज्युलिएट जागी होते, पहारेकऱ्यांची चाहूल लागते, आणि फादर तिला चल चल करतात, ती हलत नाही, तर मी थांबू शकत नाही म्हणून पळून जातात. चौदाही पूर्ण न झालेली पोर, शेजारी नवऱ्याचं प्रेत, आणि तिथला एकमेव मोठा माणूस पळाला.

सायको_वाली_अंबाझरी

विषय माझ्या कामाचा आहे म्हणून दोनच गोष्टी. एक, सावजी दादा म्हणाले ना की एकटा असतो तर घरी गेलो असतो, ते शंभर टक्के बरोबर आहे. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता, किशोरवयीन मुलं मित्र सोबत असताना एकटी असतानापेक्षा बरीच जास्त रिस्क घेत होती, प्रौढांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब म्हणतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो. पण भावनांचा भाग आधीच जोरात सुटलेला असतो. म्हणून पोरं मूर्ख नसतात, शांत बसवून विचारलं तर बरंवाईट तुमच्याइतकंच सांगतात. गरम डोक्यानं आणि चार जणांसमोर मात्र जमत नाही.

दोन, ताई, मुलगी आता बोलायला लागली आहे तर फोनच्या विषयाआधी ज्युलिएटबद्दलच बोला, तिथून ती स्वतःच वळेल. आणि कोणाच्याही घरात मूल अगदीच गप्प झालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असलं काही बोललं तर प्रोजेक्टची वाट बघत बसू नका, टेली मानस १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सावजी_रस्सा_एक्स्ट्रा

मेंदू पंचविशीपर्यंत तयार होते म्हणे, माझ्या बाबाचा तं सत्तरीत बाकी आहे 😅 मास्तर, स्मशानातली ठेच वाचून अंगावर काटा आला बरं, खरंच.

धरमपेठची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मास्तरांनी सांगितलेला सीन आम्ही दोघींनी मोठ्यानं वाचला, ती ज्युलिएट आणि बाकी सगळे मी. कॅप्युलेट वाचताना माझा आवाज इतका ह्यांच्यासारखा निघाला की ती हसायला लागली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग 'काही हरकत नाही'वर आमचं भांडण झालं, ती म्हणे रोमिओ येडाच आहे, मी म्हटलं अगं घाबरला असेल, म्हणजे सगळं उलटंच झालं. फुटाळ्याचंही निघालं. एका मैत्रिणीचा वाढदिवस होता, सगळ्या म्हणाल्या चल, आणि आईला विचारते म्हणायची लाज वाटली, एवढंच होतं.

आज तिनं प्रोजेक्ट लिहून डायनिंग टेबलवर ठेवला. शीर्षक दिलंय, 'गुरुवारचा बुधवार कोणी केला?' रोमिओला पण अर्धं पान झोडपलंय, वर्धा रोडवाल्या ताई, काळजी नको. हे ऑफिसमधून आले, चहा घेता घेता पहिलं पान उचललं, चष्मा डोक्यावर तसाच, लांब धरून वाचून राहिले आणि म्हणतात, "हा कॅप्युलेट कोण गं?"

ती म्हणाली, "बाबा, दोनच पानं आहेत, वाचा ना."

हे चष्मा शोधायला उठलेत.