मदत हवी आहे: गडावरच्या दगडी खोलीत मुक्काम (अर्जंट)

नाशिकरोडकर: या शनिवारी निघतोय. वरच्या त्या दगडी कोठीत रात्र काढता येते का? तंबू घ्यायचा की नाही एवढंच ठरवायचंय. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

कातळवेडा: वरच्या म्हणजे कुठल्या गडावरच्या? किती जण?

बागलाणी: साल्हेर असणार. तिथे कोठी नाही, गुहा आहेत. परशुराम मंदिराच्या खालच्या पठारावर, गंगासागर तलावाजवळ. बिनधास्त राहा. १५६७ मीटर उंची आहे, कानटोपी घ्याच.

नाशिकरोडकर: साल्हेर कोण म्हणालं? शनिवार-रविवारी अख्खं नाशिक जातं तिथेच. हरिहर.

सह्यमित्र: मग राहता येतं. आत दोन खोल्या आहेत, शिरायची वाट खिडकीएवढी, रांगतच जावं लागतं. दहा-बारा जण मावतात. टाकी जवळच आहेत, पाणी उकळून प्या. रात्री खालचा दगड गारठतो, मॅट हवीच. पण ती सॅकला उभी बांधा. पहिला दरवाजा ओलांडला की कातळात कोरलेल्या वाटेनं वाकून जायचंय. आडवी मॅट तिथे अडकते, मागे रांग खोळंबते आणि बाजूला दरी.

पिठलंभाकरी: आम्ही तर कोठीतच चूल मांडतो. बाहेर वारा पेटू देत नाही.

कातळवेडा: धन्य आहात. आत भिंती काजळून ठेवायच्या, झोपणाऱ्यांनी रात्रभर खोकायचं! आणि धुरानं आग्यामोहोळ उठलं तर कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवरून पळणार कुठे? १८१८ साली गड घेणाऱ्या इंग्रजांनीसुद्धा त्या पायऱ्या फोडल्या नाहीत. आपण निदान कोठी तरी नीट ठेवू.

पिठलंभाकरी: मोहोळ कड्याला असतं, कोठीत नाही. उगाच घाबरवू नका.

डोंगरयात्री: बूट नवे असतील तर आधी घरात वापरून घ्या.

नाशिकरोडकर: बूट जुनेच आहेत हो! बायको आणि आठ वर्षांचा मुलगा बरोबर आहे, त्याला वटवाघळांची भीती वाटते. कोठीला आतून कडी लागते का?

सह्यमित्र: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं ना! कडी कसली, दाराला फळीच नाही. पोराला घेऊन वर झोपू नका. पायथ्याच्या निरगुडपाड्यात कुणाच्या तरी घरी जेवणाची-झोपायची सोय होते, उजाडताच गर्दीच्या आधी चढा. पायऱ्यांवर त्याला खोबण्यांत बोटं घालायला शिकवा. चढताना तुम्ही त्याच्या मागे. उतरताना तोंड कातळाकडे, तुम्ही त्याच्या खाली. आणि वर मुक्काम करायचाच असेल तर वनखात्याची परवानगी आहे का, ते आधी गावात विचारा.

बागलाणी: पोरगं आहे तर रामशेज करा. शहराजवळ आहे, चढही सोपा.

मिसळवाला: त्र्यंबक रोडनं जाणार असाल तर मिसळ खाऊनच चढा.

कातळवेडा: तर्री खाऊन त्या पायऱ्या?

नाशिकरोडकर: बरं, निरगुडपाडा ठरलं. तिथे गाडी रात्रभर लावता येते का? कुठली गाडी, हे विचारू नका.