आधी उंचीची अट बघा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला सगळ्यात स्वस्त विमा पुरेल का, असं विचारलंय तुम्ही. हप्ता नंतर बघा हो, आधी उंचीची अट शोधा. ती बहुतेक वेळा बारीक अक्षरांत, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दडलेली असते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर; ४,५०० मीटरपर्यंतचं कव्हर वाटेवरचं डिंगबोचे गाव ओलांडून थोडं चढलात की संपलं!

हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. उड्डाणाआधी कंपनीची परवानगी लागते का, तेही विचारा. २०१८ मध्ये नेपाळात खोट्या बचाव-उड्डाणांचा घोटाळा गाजला, तेव्हापासून विमावाले ताकही फुंकून पितात. विमा कंपनीचा मदत क्रमांक गाइडच्या फोनमध्येही टाका, थंडीत आपली बॅटरी हमखास मान टाकते. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान रखडल्याची भरपाई? त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा दोन दिवस हाताशी ठेवा.