स्टेअरवेचा रिफ (गिटारवरची सुरुवातीची धून) तुम्हाला आणखी कुठे कुठे ऐकू आलाय?

जुनी_कॅसेट:
परवा भाच्याने स्पीकरवर स्पिरिट बँडचं ‘टॉरस’ लावलं, १९६८ चं, आणि वर मलाच म्हणतो, मामा, तुमच्या देवांनी ढापलं की हो. लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ १९७१ चं, तेव्हा तारखा त्याच्याच बाजूने. मी काही ऐकून घेणाऱ्यातला नाही, तासभर भांडलो, बहीण जेवायला हाका मारून दमली. तर मंडळी, ही सुरुवात तुम्हाला अजून कशात सापडली, कुणाशी वाद झाला, सगळं लिहा. झेपलिनभक्त आणि झेपलिनद्वेष्टे दोघांनाही आमंत्रण.

सहा_तारा:
मी पुण्यात गिटार शिकवतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात हेच वाजवायचं असतं, त्यामुळे माझे कान या विषयात किटलेत. टॉरसशी जुळतो तो खालचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, ए मायनर कॉर्ड धरून अर्ध्या अर्ध्या सुराने उतरणारा. पण असा उतरता बेस ‘मेरी पॉपिन्स’मधल्या ‘चिम चिम चेरी’त पण आहे आणि ते १९६४ चं, म्हणजे टॉरसच्याही आधीचं. मी वर्गात दोन्ही पाठोपाठ वाजवतो, पोरं हसत सुटतात. खरी गंमत वरच्या तारेवर आहे, खाली बेस उतरतोय तेव्हा वरचा सूर ए, बी, सी असा चढत जातो आणि एकाच हाताने दोन्ही वाजवायचं म्हणून बोटं ताणून ताणून पोरं रडकुंडीला येतात. टॉरसमध्ये हे चढणं नाही. माझ्या मते गाणं तिथेच वेगळं झालं.

घाटाखालचा:
सर, बोटांचं कौतुक मान्य पण या मंडळींचा पूर्वेतिहास बघा की. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ जेक होम्सचं, ‘होल लॉटा लव्ह’साठी विली डिक्सनने कोर्टात खेचलं आणि तडजोड करावी लागली, पुढे श्रेयात त्याचं नावही आलं. हॉस्टेलवर माझा रूममेट झेपलिनचा पोस्टर लावून झोपायचा, त्याला मी एकेक मूळ गाणं ऐकवत गेलो, तर शेवटी त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं, पोस्टर मात्र काढलं नाही. आणि स्पिरिट यांना माहीतच नव्हते असंही नाही, त्यांचं ‘फ्रेश गार्बेज’ हे लोक स्वतःच्या कार्यक्रमात वाजवायचे. मग टॉरस तेवढं कानावरून गेलं होय?

डबा_एलए:
मी तेव्हा लॉस एंजेलिसजवळ नोकरीला होते, २०१६ मध्ये टॉरस चोरल्याचा झेपलिनवरचा खटला तिथेच चालला आणि आमच्या ऑफिसात डबे उघडले की दुसरा विषय नसायचा. टॉरसवाला रँडी कॅलिफोर्निया १९९७ मध्येच गेला, दावा त्याच्या ट्रस्टतर्फे २०१४ मध्ये लागला. @घाटाखालचा, तुमचा मुद्दा ज्युरीनेही मानला बरं का, की झेपलिनचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट यांना टॉरस ऐकायची संधी होती, पण साम्य पुरेसं नाही म्हणाले. सगळ्यात विचित्र म्हणजे ज्युरीला टॉरसची रेकॉर्ड ऐकवलीच नाही! गाणं जुन्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याखाली नोंदलेलं, त्यामुळे कागदावर जमा केलेलं नोटेशन तेवढंच धरायचं. आमच्यातला एक वकिलाचा नवरा यावरून इतका तापला की त्याची आमटी गार झाली. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा खटला चालवा म्हटलं, मग मोठ्या पीठाने मार्च २०२० मध्ये ते फिरवलं आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने हात लावायला नकार दिला. झेपलिन सुटले.

मडगावकर_आल्टो:
आमच्या क्वायरमध्ये इंग्लिश संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेरामधला शेवटचा विलाप बसवला होता. सतराव्या शतकातलं काम. चेलोवाला नुसता बेस घोकत बसला होता तर मागून टेनर्सपैकी कुणीतरी स्टेअरवे गुणगुणायला लागलं, आणि मास्तर असे काही बघायला लागले की विचारू नका. पट्टी वेगळी, पण अर्ध्या सुराने उतरणं तेच. दुःख दाखवायचं तर बेस असा उतरवायचा हा तिकडचा जुना रिवाजच आहे, मग दावा कुणी कुणावर लावायचा?

पेटीवाली_काकू:
रॉक हे आमच्या ह्यांचं खातं, मी आपली पेटीवाली. पण लेक आणि हे भांडायला लागले म्हणून मी म्हटलं थांबा, वाजवून बघते. सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. दोन्हीकडे हेच! यमनातली दोन गाणी एकमेकांसारखी वाटतात तेव्हा आपण चोर म्हणतो का, असं मी बोलूनही गेले. पण एक गोष्ट खटकली. इतकं उतरल्यावर हात आपोआप पंचमावर जातो, आणि दोन्ही गाणी पंचमाला न शिवता परत षड्जाकडे वळतात. राग एक असणं वेगळं आणि नेमकी तीच जागा टाळणं वेगळं ना?

सहा_तारा:
काकू, दावा लावणाऱ्यांचा मुद्दा नेमका हाच होता! पण वळतात त्या वाटा वेगळ्या आहेत. झेपलिनवाले मधे कोमल नी घेऊन षड्जावर येतात, ते पेटीवर घेऊन बघा.

पेटीवाली_काकू:
घेतलं. ती कोमल नीची जागा छानच आहे, त्यात वाद नाही. पण पंचमाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

बेसवाला_नाशिक:
पर्सेलचा बेस तर उतरत उतरत पंचमापर्यंत जातोच, म्हणजे काकूंचा पॉइंट अजूनच पक्का. बाकी हे मिटलं की डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ घ्या, ते आणि ‘मारिया मोइता’ हे ब्राझिलियन गाणं ऐकवून आमच्या ड्रमरशी माझं भांडण चालू आहे, तो म्हणतो मी मुद्दाम खाजवून खरूज काढतो.