गोळी, काडतूस की पुंगळी?

प्रश्न : एका अमेरिकन पोलिसी मालिकेची मराठी उपशीर्षकं तपासायचं काम आलंय. बुलेट, राउंड, शेल, केसिंग या चारही शब्दांना आधीच्या भाषांतरकाराने सरसकट 'गोळी' लिहिलंय. एका दृश्यात अधिकारी गुडघ्यावर बसून जमिनीवरून चिमट्याने काहीतरी उचलतो आणि खाली अक्षरं येतात, 'नऊ एमएमची गोळी मिळाली'. चिमट्यात मात्र पितळेची पोकळ नळी दिसते. मराठीत वेगळे शब्द आहेत का, की इंग्रजीच ठेवू?

उत्तर : ताई, शब्द आहेत, चांगले रुळलेले आहेत. इंग्रजी ठेवायची काही गरज नाही.

हत्यारात भरतात ती अख्खी वस्तू म्हणजे काडतूस, तुमचा राउंड. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पिस्तूलही तिकडूनच. काडतुसात पुढे गोळी बसवलेली असते, शिशाची किंवा शिशावर तांब्याचं आवरण असलेली. मागे पितळेची पुंगळी, म्हणजे केसिंग, पुंगळीत दारू आणि बुडाशी टोपी. दिवाळीत ज्यांनी टिकल्यांचं पिस्तूल वाजवलंय त्यांना टोपीचं काम समजावून सांगायला नको. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. गोळी जाते, पुंगळी मागे राहते. म्हणून जमिनीवर पडलेली सापडते ती पुंगळी. गोळी सापडते भिंतीत, दाराच्या फळीत, नाहीतर शवविच्छेदनाच्या टेबलावर.

हे मी लहानपणी मामाकडे शिकलो. कुडाळजवळच्या गावात त्याच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आम्ही पोरं जवळ गेलो की मामा म्हणायचा, "काडतुसाक हात लावू नको, पुंगळी घे खेळूक." ती लाल पुंगळी मला अजून आठवते. बुडाला पितळेची वाटी, वाटीच्या मधोमध टोपी आणि टोपीवर पिनेने पाडलेला बारीक खळगा. तोंडाशी धरून फुंकलं की शिट्टी वाजायची आणि नाकात फटाक्याचा वास जायचा.

त्या खळग्यामुळेच हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. प्रयोगशाळेत पुंगळीवर पाहतात पिनेची आणि बाकीच्या भागांची खूण. गोळीवर पाहतात नळीच्या आतल्या पेचांचे, म्हणजे नागमोडी फिरत जाणाऱ्या खाचांचे ओरखडे. दोन वस्तू, दोन तपासण्या. बारा बोअरच्या नळीला सहसा पेच नसतात, ती आतून गुळगुळीत असते. त्यामुळे तिच्यातून एका गोळीऐवजी सुटणाऱ्या बारीक छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही, पुंगळीवरून येऊ शकते. आता मालिकेतली तज्ज्ञ म्हणते, "केसिंग जुळली, बुलेट जुळली नाही." सगळीकडे 'गोळी' लिहिणाऱ्याने इथे काय लिहायचं? 'गोळी जुळली, गोळी जुळली नाही'? संपूर्ण दृश्य कोसळतं. याच दृश्यात पडद्यावर दोन चित्रं एकमेकांवर सरकतात आणि क्षणात हिरवी अक्षरं चमकतात, तेही खरं नाही. संगणक फक्त संभाव्य जोड्या पुढे करतो. शेवटी माणूसच तुलना सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून ठरवतो.

प्रश्न : पण 'पुंगळी' शहरातल्या वाचकाला कळेल का?

उत्तर : कळेल. मराठी वर्तमानपत्रांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या' हे वाक्य नेहमीचं आहे. 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत' हेही तसंच. पंचनाम्याच्या मराठीने हे शब्द सांभाळून ठेवलेत, आपणच ते पडद्यावर आणायला बिचकतो. 'गोळीचं कवच' असलं काहीतरी घडवू नका. कागदाची सुरळी केली तरी आपण पुंगळी म्हणतोच, आकार शब्दातच दिसतो.

आणखी एक. 'ड्रॉप द गन'ला 'बंदूक टाक' लिहिलेलं असेल तर पाहा. मुठीतल्या हत्याराला लेखी मराठीत बंदूक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मामाची लांब नळी येते. 'हत्यार खाली टाक' लिहा, पोलिसाच्या तोंडी ते शोभतं.

प्रश्न : ट्रिगरला घोडा म्हणायचं की चाप? मी हिंदीत 'घोडा दबाना' ऐकलंय, आणि मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

उत्तर : बोटाने ओढायचा तो चाप. मागच्या बाजूला उभा असतो आणि पुढे आपटतो तो घोडा. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत घोडा म्हणजे पिस्तूल हे खरंच आहे, पण ते त्या पात्रांच्याच तोंडी राहू द्या.

हा फरक पाळला की मालिकांमधली एक जुनी खोड लगेच पकडता येते. नायक संशयितावर ग्लॉक रोखतो आणि 'कटक्' असा घोडा चढवल्याचा आवाज येतो. ग्लॉकला बाहेर घोडाच नसतो. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं, तेव्हापासून त्याची रचना तशीच आहे, पिन आतल्या आत ताणली जाते. आवाज नंतर ध्वनिमुद्रणात चिकटवलेला असतो. काही ठिकाणी उपशीर्षकात कंसात आवाजही लिहावा लागतो. तिथे 'घोडा चढवल्याचा आवाज' लिहू नका, 'खटका' पुरे.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. शब्द तोच ठेवा, मोटारसायकलमुळे तो घरोघरी माहीत आहे. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि इंजिनाचा आवाज कमी करण्यावरही त्याने काम केलं. सायलेन्सर लावलेली मोटारसायकल ऐकू येतेच ना? तसंच हे. पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलचा. सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतो. शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होऊ नये इतका बारीक 'फुस्' पडद्यावरच येतो. 'निःशब्द पिस्तूल' असं भाषांतर मी एकदा पाहिलंय, ते टाळाच.

प्रश्न : तो भाग पुन्हा पाहिला. मारेकऱ्याच्या हातात रिव्हॉल्वर आहे, सहा घरांचं फिरतं चाक स्पष्ट दिसतं. तो तीन गोळ्या झाडतो आणि पळतो. मग जमिनीवर पुंगळ्या आल्या कुठून?

उत्तर : ताई, अगदी नेमकं पाहिलंत. येऊच शकत नाहीत. पिस्तूल प्रत्येक बारानंतर पुंगळी बाहेर फेकतं. रिव्हॉल्वरमध्ये पुंगळ्या आपापल्या घरातच राहतात, चाक बाजूला काढून हाताने पाडाव्या लागतात. पळता पळता कोण पाडणार? याची उलट चूकही नेहमी दिसते. पिस्तुलाची काडतुसं संपतात आणि नायक चाप ओढत राहतो, 'खट् खट् खट्'. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत शेवटच्या गोळीनंतर वरची स्लाइड मागेच अडकून राहते. रिकामं झालेलं हत्यार बघणाऱ्याला दिसतं, खटखट होत नाही. ती खटखट रिव्हॉल्वरची.

म्हणून संवादात पिस्तूल आणि रिव्हॉल्वर हे एकमेकांच्या जागी वापरू नका. आपल्या बातम्यांतही ही गल्लत सर्रास होते.

प्रश्न : मग त्या ओळीचं काय करू? 'गोळी'च ठेवली तर निदान चूक झाकली जाईल.

उत्तर : झाकू नका. चूक लिहिणाऱ्याची आहे, आणि चिमट्यात जे आहे ते सगळ्यांना दिसतंय. 'नऊ एमएमची रिकामी पुंगळी मिळाली' असंच लिहा. ज्याला रिव्हॉल्वर आठवत असेल तो तिथे थांबेल. आणि निर्मात्यांकडे टिपण पाठवता येत असेल तर भागाचा क्रमांक आणि वेळ लिहून पाठवा.