लवकर निजे, लवकर उठे... मग रात्रपाळीवाल्यांचं काय?

अनुजा_प:
‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे.’ काल भाचीच्या वहीत हे वीसदा लिहिलेलं पाहिलं. उशिरा उठली म्हणून शिक्षा. मला या म्हणीचा राग आहे, कारण तिच्या जोरावर उशिरा उठणाऱ्याला सरळ आळशी ठरवतात. माझा नवरा चाकणला रात्रपाळी करतो. सकाळी आठला येऊन जाड पडदे ओढून झोपतो. अकराला शेजारच्या काकू विचारतात, ‘अजून लोळतोयच का?’ रात्रभर मशीनपुढे उभा असलेला माणूस तो!

गोठेकरी:
ताई, चूक काकूंची, म्हणीची नाही. म्हण ‘निजे’पासून सुरू होते, लोक ‘उठे’ तेवढंच धरून बसतात. मी साडेचारला धार काढायला बसतो. आधी वासरू सोडायचं, पान्हा फुटला की बाजूला बांधायचं, मग धार. सहाच्या आत किटली डेअरीत. रात्री नऊला अंथरूण धरलं नाही तर हे जमतच नाही.

माजघर:
आणि संपत्ती भेटली का दादा? माझी आजी पहाटे तीनला जात्यावर बसायची. रात्री खरकटं काढून, विरजण लावून सगळ्यांच्या शेवटी निजायची. शाळेचा उंबरा तिनं पाहिला नाही, साठीच्या आत गुडघे गेले. म्हण मुळातच खोटी आहे.

गोठेकरी:
संपत्ती नाही, पण कर्ज फिटलं. आणि आजींना लवकर निजायला मिळालंच नाही. अर्धी म्हण त्यांच्या वाट्याला आलीच कुठे?

माजघर:
ती अर्धी कोणी काढून घेतली, ते म्हण सांगत नाही. माझं भांडण तेच आहे.

जुनी_पानं:
हाच आशय बेंजामिन फ्रँकलिननं १७३५ च्या आपल्या पंचांगात छापला होता. इंग्रजीत तो त्याहूनही जुना. पुढे १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यानं, विनोदानं का होईना, उन्हाबरोबर उठल्यास मेणबत्त्यांचे किती पैसे वाचतील याचा हिशेब मांडला. तेव्हा रात्रीचा उजेड विकत घ्यावा लागे. संपत्तीचा संबंध मला तिथे दिसतो. आज रात्रपाळीवरच घरं चालतात, तेव्हा ‘लवकर’ची सक्ती नको.

अनुजा_प:
‘निजे’चं पटलं. पण आमच्याकडे नीज सकाळी आठलाच येते. आज दाराला कागद चिकटवलाय: ‘रात्रपाळी. दुपारी तीनपर्यंत बेल वाजवू नये.’